दप्तरात मावेल असा संगणक

दहावी-बारावीचे निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की शहापूर, किन्हवली, मुरबाड, सरळगाव, धसई या बाजारपेठांतील आपल्या घरांत एक प्रश्न हमखास चर्चेला येतो : कोणता लॅपटॉप घ्यावा? विचारणारे बहुधा वडील किंवा काका असतात. किराणा, कापड, भांडी, धान्य यांच्या व्यवहारात त्यांची हयात गेलेली असते. त्यामुळे दुसरा प्रश्न येतो तो किमतीचा, आणि तिसरा असा, की मोठ्या पडद्याचा त्याच भावात मिळत असताना लहान का घ्यावा? हे यंत्र रोज कोण उचलणार आहे, आणि कुठून कुठे नेणार आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. माझ्या मते विचाराची सुरुवात तिथूनच व्हावयास हवी.

शहापूरहून कल्याण, ठाणे किंवा मुंबईच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटे घर सोडावयाचे, सामायिक रिक्षाने आसनगाव स्थानक गाठावयाचे, तिथून लोकल. मुंबईपर्यंत जावयाचे तर सुमारे दोन तास, आणि परतीच्या गाडीत बसावयास जागा मिळेलच असे नाही. मुरबाडला तर रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही. तिथल्या विद्यार्थ्याला सुमारे तीस किलोमीटर एसटीने कल्याण गाठून मग गाडी धरावी लागते. आपल्या घरातील मुलांच्या दप्तराला आणखी एक ओझे असते. बाहेरचे खाणे शक्यतो टाळावयाचे म्हणून दोन वेळचा डबा, उकळलेल्या पाण्याची बाटली, आणि चोविहार पाळणाऱ्या मुलीला सूर्यास्तापूर्वी गाडीतच उघडता येईल असा संध्याकाळचा लहान डबा. भरलेली एक लिटरची बाटली एक किलोहून जड, दोन डबे मिळून पाऊण ते एक किलो, वह्या-पुस्तके दीड किलो, पावसाळ्यात छत्री. यात साडेपंधरा इंची पडद्याचा, पावणेदोन किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेसारखा चार्जर यांची भर पडली, की दप्तर पाच किलोच्या वर सहज जाते.

तेरा-चौदा इंची हलके यंत्र सव्वा ते दीड किलोचे असते आणि त्याचा टाइप-सी चार्जर दीड-दोनशे ग्रॅमचा. म्हणजे फरक अर्धा-पाऊण किलोचा. तराजूवर हा फरक नगण्य वाटेल. पण तेच ओझे खांद्यावर, उभ्याने, गर्दीत, रोज चार तास, असे तीन-चार वर्षे वाहावयाचे आहे. परिणाम अगदी ठरलेला असतो. पहिले दोन महिने मुलगी उत्साहाने लॅपटॉप नेते, तिसऱ्या महिन्यापासून 'आज काम नाही' म्हणून तो घरी ठेवते, आणि सहामाही परीक्षेपर्यंत तो दुकानाच्या गल्ल्यावर स्थिरावतो. घरचे म्हणतात, 'बघा, हिला काही उपयोग नव्हता.' उपयोग होता. खरेदीच्या वेळी खांद्याचा विचार झाला नव्हता.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. मुंबई-नाशिक महामार्गाने विहार करीत जाणारे साधू-साध्वी आपण पाहतो. शहापूरजवळच्या मानस मंदिराच्या परिसरात त्यांची सेवा करण्याचा लाभही अनेकांनी घेतला असेल. त्यांची उपधी, म्हणजे वस्त्र, पात्रे, पोथी, स्वतःच्या खांद्यावर वाहता येईल तेवढीच असते. 'हे मीच उचलणार आहे' एवढा एक नियम लागू केला, की संग्रहाला मर्यादा आपोआप पडते. साधुजीवनात विजेच्या यंत्राला स्थान नाही, म्हणून हे उदाहरण इथेच थांबवितो. परंतु परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणाऱ्या श्रावकाला दुकानात उभे राहून हा नियम आठवावयास हरकत नसावी.

लहान, स्वस्त आणि हलक्या संगणकाचे स्वप्न आपल्या परिसराने फार जवळून पाहिले आहे. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात खैराट नावाची वस्ती आहे. एक खोली, एक शिक्षक आणि विसेक मुले अशी तिथली शाळा. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या अमेरिकेत जन्मलेल्या उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये याच शाळेत झाला. उपक्रमाचे प्रवर्तक निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. भारत सरकारने २००६ मध्ये या योजनेस नकार दिला, तरी एका डोंगरकुशीतील शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रे येऊन पोहोचली. शंभर डॉलरचे वचन पाळता आले नाही. प्रत्यक्षात किंमत दोनशे डॉलरच्या आसपास गेली. मात्र त्या यंत्राची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. वजन सुमारे दीड किलो, पडदा साडेसात इंची आणि भर उन्हातही वाचता येईल असा, कळफलक रबराच्या अखंड आवरणाखाली, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये, आत फिरणारी तबकडी किंवा पंखा नाही, वरच्या बाजूला धरावयास मूठ. स्मृती अवघी २५६ एमबी. ते यंत्र वेगवान नव्हते, पण ज्याच्या हातात जावयाचे त्याचा हात, त्याचे अंगण आणि त्याच्या गावची वीज, तिन्हींचा विचार करून ते घडविलेले होते. दुकानात मांडलेल्या यंत्रांपैकी किती यंत्रांबद्दल असे म्हणता येईल?

त्याच २००७ साली तैवानच्या एका कंपनीने सात इंची पडद्याचा, एक किलोहून कमी वजनाचा 'ई-पीसी' बाजारात आणला आणि पुढे दोन-तीन वर्षे 'नेटबुक' या लहान संगणकांची लाट आली. लाट ओसरली, कारण त्यांचे कळफलक इतके आखूड होते, की मोठ्या माणसाची बोटे एकमेकांत अडकत. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅब्लेटचा गाजावाजा झाला. सरकारी खरेदीची किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये, पडदा सात इंची. परंतु तो पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे, आणि विद्युतघट जेमतेम दोन-तीन तास टिके. पुढच्या वर्षी मुंबईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली सुधारित आवृत्ती निघाली, तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. किंमत सर्वांत कमी ठेवण्याच्या हट्टात वस्तूचा मूळ उपयोगच हरवतो, याचे हे ठळक उदाहरण. 'घेतला आणि पडून राहिला' हाच खरा अपव्यय होय, मग तो सव्वादोन हजारांचा असो वा सव्वा लाखाचा.

याउलट शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा. आदिवासीबहुल तालुक्यातील ही जिल्हा परिषदेची लहानशी शाळा, शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयत्नांतून 'डिजिटल शाळा' म्हणून राज्यभर गाजली आणि तिचे अनुकरण करण्यासाठी ठिकठिकाणचे शिक्षक तिथे येऊ लागले. तिथे यंत्रापूर्वी गावाचा सहभाग होता, सौरऊर्जेचा आधार होता, आणि काय शिकवावयाचे आहे हे ठरलेले होते. मुरबाड तालुक्यातील धसईची गोष्ट थोडी निराळी. १ डिसेंबर २०१६ रोजी हे गाव राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानादुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे आली. मात्र असे यंत्र मोबाइलच्या जाळ्यावर अवलंबून असते, आणि डोंगराच्या आडोशाला जाळे दुबळे असले की समोरचा गिऱ्हाईक नोटच काढतो. या दोन गावांची आठवण एवढ्यासाठी करून दिली, की संगणक घेताना वीज आणि जाळे या दोन गोष्टी आपल्या घरात कशा आहेत, हे आपणच जाणतो. शहरातल्या विक्रेत्याला ते ठाऊक नसते.

विजेपासून प्रारंभ करू. विद्युतघटाची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते आणि ती खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडते. लहान यंत्रांत ती साधारण चाळीस ते पंचावन्न असते. लिहिणे-वाचणे एवढेच काम असेल, तर हलके यंत्र सहा-सात वॉट खाते. म्हणजे बेचाळीस वॉट-तासांचा घट कागदावर सहा-सात तास चालतो. दोन वर्षांनी त्याची क्षमता पाचव्या हिश्शाने घटली असे धरले, तर पाच-साडेपाच. चित्रफिती पाहिल्या, पडद्याचा उजेड वाढविला, तर त्याहूनही कमी. म्हणून विक्रेता 'बारा तास' म्हणाला तर आपण मनाशी सात धरावेत आणि त्या सातांत आपला दिवस बसतो का, ते पाहावे. पावसाळ्यात शहापूर-मुरबाड भागात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तारांवर फांद्या पडतात, आणि आतल्या गावांत वीज कधी येईल याची खात्री नसते. अशा वेळी लहान यंत्राचा मोठा गुण समजतो : डेस्कटॉप आणि त्याचा पडदा मिळून शंभर-दीडशे वॉट खेचतात, तर लॅपटॉप भारित होत असतानाही चाळीस-पन्नास वॉटांत भागवितो. घरातील इन्व्हर्टरवर पंखा, दिवा आणि लॅपटॉप सुखाने नांदतात. टाइप-सी खाचेतून भारित होणारे यंत्र घ्यावे. चार्जर हरवला किंवा बिघडला तर दुसरा सहज मिळतो. मात्र मोबाइलचा लहान चार्जर त्याला पुरत नाही. पंचेचाळीस ते पासष्ट वॉटचा, बीआयएसचे चिन्ह असलेला हवा.

पडद्याबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इंचांचा आकडा हा कर्णाचा असतो, आणि आपल्याला वाचनासाठी लागते ती उंची. अकरा-साडेअकरा इंची रुंद पडद्याची उंची अवघी साडेचौदा सेंटिमीटर भरते. चौदा इंचीची सव्वासतरा-साडेसतरा. तोच चौदा इंची पडदा सोळास दहा या प्रमाणाचा असेल, तर उंची जवळजवळ एकोणीस सेंटिमीटर होते. हा दीड सेंटिमीटर वाचणाऱ्याला मोठा दिलासा देतो. आपल्या घरांत आता आगमग्रंथ, टीका, स्तवनसंग्रह, जुन्या मासिकांचे अंक हे सारे छायाप्रतींच्या रूपात संगणकावर वाचले जाते. उत्तर अमेरिकेतील जैन संघटनांच्या महासंघाने उभे केलेले जैन ई-ग्रंथालय अनेक पाठशाळा-शिक्षिकांच्या नित्य वापरात आहे. या छायाप्रती मोबाइलवर वाचताना प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते, त्यात गाथेचा ओघ तुटतो. पान एका नजरेत मावावे, एवढी अपेक्षा लहान संगणकाने पुरी केली पाहिजे. शिवाय देवनागरी लिपी पडद्याची खरी परीक्षा घेते. रोमन अक्षरे भरड पडद्यावरही चालून जातात; पण रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि संस्कृतातील तीन-तीन व्यंजनांची जोडाक्षरे भरड पडद्यावर एकमेकांत मिसळतात. १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा त्यामुळे टाळावा. १९२० गुणिले १०८० किंवा अधिक घ्यावा. दुकानात गेल्यावर विक्रेता समुद्राची आणि फुलपाखरांची चित्रे दाखवील. त्याला नम्रपणे थांबवून एखादे छायाप्रतीचे पान उघडावयास सांगावे. ते पेनड्राइव्हमध्ये घरूनच न्यावे.

मराठी टंकलेखनासाठी वेगळा कळफलक लागत नाही. युनिकोड आल्यापासून प्रत्येक यंत्रात देवनागरी असतेच. इनस्क्रिप्टची रचना बोटांना बसली, की मराठी, हिंदी आणि गुजराती तिन्ही भाषा एकाच पद्धतीने लिहिता येतात, आणि आपल्या अनेक घरांत या तिन्ही भाषा एकाच दिवसात लागतात. पहावयाचे ते एवढेच, की कळांचा आकार पुरेसा आहे का, आणि दाबल्यावर बोटाला प्रतिसाद मिळतो का. दुकानात उभ्याने चार ओळी लिहून पाहाव्यात. लाजू नये.

आता दुकानाचा प्रश्न, कारण घरोघरी खरी ओढाताण इथेच होते. एकच यंत्र मुलीच्या अभ्यासालाही आणि दुकानाच्या हिशेबालाही चालेल, अशी योजना कागदावर फार सोयीची दिसते. प्रत्यक्षात दिवसा मुलगी गाडीत आणि दुकान उघडे; रात्री मुलीचा अभ्यास आणि वडिलांचा ताळेबंद. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याचा दिवस आणि मुलीच्या प्रकल्पाचा दिवस नेमका एकच येतो. अशा वेळी घरात कोणाचे काम मागे पडते, हे निराळे सांगावयास नको. मुलगा असता तर पडले असते का, हा प्रश्न मी इथे केवळ मांडून ठेवतो. दुकानाचा हिशेब करण्यासाठी दहा वर्षांचा डेस्कटॉपही पुरतो. त्याला प्रवास करावयाचा नसतो. तेव्हा दुकानाचे यंत्र दुकानात आणि दप्तरातले दप्तरात, ही वाटणी खरेदीपूर्वीच स्पष्ट व्हावी. पैसे एकाच यंत्राचे असतील, तर ते मुलीच्या यंत्रावर खर्चावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही एकाच यंत्रावर दोन्ही कामे करणे ज्यांना भागच आहे, त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, टॅली हे विंडोजवर चालणारे आहे. अँड्रॉइडवर आधारलेल्या किंवा केवळ ब्राउझरवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांवर ते बसत नाही. २०२३ मध्ये बाजारात आलेला जिओबुक हे याचे चांगले उदाहरण. वजन ९९० ग्रॅम, पडदा ११.६ इंची, आत मोबाइलचे सिमकार्ड, आणि जाहीर किंमत १६,४९९ रुपये. आठवीतल्या मुलाला वाचावयास, लिहावयास, वर्ग ऐकावयास असे यंत्र पुष्कळ झाले; पण त्याची कार्यप्रणाली विंडोज नाही, आणि वाणिज्य शाखेच्या पदवीला जाणाऱ्या किंवा सनदी लेखापालाची तयारी करणाऱ्या मुलीला तिथे टॅली शिकता येणार नाही. विवरणपत्र भरण्याचे संकेतस्थळ कोठेही उघडते, ही गोष्ट निराळी. दुसरी गोष्ट, लहान यंत्रांवर उजवीकडची अंकांची पट्टी नसते. ज्यांची बोटे कॅल्क्युलेटरवर वाढली त्यांना हे फार खटकते. त्यावर काही शे रुपयांत मिळणारी, यूएसबीने जोडावयाची सुटी अंकपट्टी हा उपाय आहे. तेवढ्यासाठी साडेपंधरा इंची यंत्र मुलीच्या खांद्यावर देण्याचे कारण नाही.

स्मृती आणि साठवण यांविषयी थोडक्यात. हलक्या यंत्रांत स्मृतीच्या चिपा पटलावर कायमच्या जोडलेल्या असतात. 'पुढे वाढवू' हे अनेकदा शक्य नसते. म्हणून आज किमान आठ जीबी, आणि ऐपत असल्यास सोळा. साठवणीसाठी एसएसडी हवी. चौसष्ट जीबी ईएमएमसी असलेले विंडोजचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण विंडोज आणि त्याची अद्यतने यांतच ती जागा संपते आणि वर्षभरात यंत्र रांगू लागते. प्रोसेसरच्या नावांचा जो घोळ जाहिरातींत असतो, त्यात वाचकांनी फार वेळ घालवू नये. लिहिणे, वाचणे, हिशेब, व्याख्याने ऐकणे यांसाठी अलीकडच्या दोन-तीन वर्षांतील कोणताही मध्यम प्रोसेसर पुरेसा असतो.

वापरलेले यंत्र घ्यावे का? परिग्रहाच्या दृष्टीने विचार केला, तर जे घडून झाले आहे ते आणखी काही वर्षे वापरणे नव्या उत्पादनापेक्षा कमी हिंसेचे, आणि खिशालाही हलके. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले, साडेबारा ते चौदा इंची, मजबूत बांधणीचे व्यावसायिक लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि अन्यत्र मिळतात. त्यांतले काही सव्वा किलोचेच असतात, आणि त्यांचे कळफलक आजच्या स्वस्त नव्या यंत्रांहून सरस असतात. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला सुरक्षेची सर्वसाधारण अद्यतने मिळणे थांबले आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे सध्या फार स्वस्त झालेली दिसतील. बँकेचे व्यवहार आणि दुकानाचा हिशेब ज्यावर व्हावयाचा, त्यासाठी ती नकोत. केवळ वाचन-लेखनासाठी, लिनक्स घालून, ती अजून उत्तम चालतात. पाठशाळेत अशी दोन यंत्रे ठेवली तर मुलांना इनस्क्रिप्ट शिकविता येईल. वापरलेले यंत्र घेताना विद्युतघटाची मूळ आणि आजची क्षमता पडद्यावर काढून दाखवावयास सांगावे. विंडोजमध्ये त्याचा अहवाल एका आज्ञेने निघतो. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दुसरे दुकान पाहावे.

धूळ आणि ओल यांचा उल्लेख माहितीपत्रकात नसतो. आपल्याकडे भातगिरण्यांचा कोंडा आणि वीटभट्ट्यांची राख हवेत असते, आणि लॅपटॉपचा पंखा ती इमानाने आत ओढतो. पंखा नसलेली यंत्रे मिळतात. ती किंचित मंद असतात, पण शांत आणि स्वच्छ राहतात. बिछान्यावर किंवा गादीवर ठेवून यंत्र वापरू नये, कारण खालची छिद्रे बंद होतात. चातुर्मासात रात्री पडद्याच्या उजेडावर पाकोळ्या आणि बारीक किडे झेपावतात. ज्यांना जयणा पाळावयाची आहे त्यांनी अभ्यास पहाटे उजाडल्यावर करावा, हे उत्तम; ते शक्य नसेल तर खिडकीला जाळी आणि पडद्याचा उजेड मंद. सहाध्यायी हसतील, पण मंद उजेडात विद्युतघटही अधिक टिकतो, एवढे त्यांना सांगता येईल.

दुरुस्तीची सोय हा शेवटचा आणि बहुधा विसरला जाणारा मुद्दा. 'घरपोच सेवा' असे खोक्यावर लिहिलेले असले, तरी ती प्रत्येक गावाला लागू असतेच असे नाही. शहापूरचा ४२१६०१ किंवा मुरबाडचा ४२१४०१ हा पिनकोड कंपनीच्या संकेतस्थळावर घालून, किंवा तिच्या मदत क्रमांकावर विचारून, आपल्या दारात माणूस येईल का, याची खात्री खरेदीपूर्वी करून घ्यावी. नाहीतर बिघडलेले यंत्र घेऊन कल्याण-ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात, आणि त्या खेपांचे दिवस परीक्षेतलेच निघतात. दोन यंत्रांत फारसे डावे-उजवे करता येत नसेल, तर ज्याचा माणूस घरी येतो ते घ्यावे. दोन हजार अधिक पडले तरी चालतील.

काहींना या वर्षी काहीच घेऊ नये, असेही मी सुचवीन. अकरावी-बारावीच्या मुलाजवळ बरा मोबाइल असेल, तर त्याला जोडता येणारा ब्लूटूथ कळफलक हजाराच्या आसपास मिळतो. टिपणे आणि निबंध त्यावर लिहिता येतात. पदवीचा अभ्यासक्रम नक्की होईपर्यंत थांबल्यास कोणते यंत्र हवे ते नेमके कळते, कारण स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची आणि वाणिज्याच्या विद्यार्थिनीची गरज एक नसते. हप्त्यांवर घेण्याची घाई तर मुळीच नको. जे यंत्र अठरा महिन्यांच्या हप्त्यांशिवाय परवडत नाही, त्याच्याखालची पायरी पाहावी किंवा वापरलेले घ्यावे.

आणि बिलाबद्दल. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. मूळ किंमत ४०,००० असेल तर कर ७,२०० रुपये, आणि दुकानाच्या नोंदणी क्रमांकावर बिल घेतले की या कराची वजावट मिळते, हे आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. पण ती वजावट व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तूवर असते. मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या यंत्राचे बिल दुकानाच्या नावे फाडून ते ७,२०० वाचविणे अनेक घरांत हुशारीचे समजले जाते. मार्गानुसारी श्रावकाच्या ३५ गुणांत न्यायाने मिळविलेले धन हा गुण पहिला सांगितला आहे. कराधिकाऱ्याची नोटीस नंतरची. याला एक व्यावहारिक बाजूही आहे. बिल दुकानाच्या नावे झाले, की यंत्र दुकानाच्या मालमत्तेत नोंदले जाते, आणि घाईच्या पहिल्याच दिवशी 'ते तर दुकानाचे आहे' असे म्हणावयास घरात सर्वांना मुभा मिळते. बिल मुलीच्या नावाने करावे. हमीपत्रावर, कंपनीच्या नोंदणीत आणि यंत्राच्या पहिल्या खात्यावरही नाव तिचेच असावे, आणि परवलीचा शब्द तिने स्वतः ठरवावा.